गवताचे बेट : वाशीम जिल्ह्यातील काळवीट, तणमोर आणि निसर्गप्रवास

वाशीम जिल्ह्यात बाहेरचा प्रवासी पूर्वापार येत आला आहे तो मुख्यतः यात्रेच्या निमित्ताने. शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथाचे मंदिर, कारंजा येथील गुरुमंदिर आणि जैन ग्रंथभांडारे, मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान आणि वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेची राजधानी म्हणून खुद्द वाशीम, अशा ह्या प्रदेशातील प्रवासाच्या जुन्या वाटा आहेत. सन २००० मध्ये कारंजा-सोहोळ हे काळविटांसाठीचे अभयारण्य घोषित झाले आणि ह्या वाटांच्या जोडीस आणखी एक वाट निर्माण झाली. ही वाट माळाकडे जाते. तिच्या अखेरीस मूर्ती नाही, शिलालेख नाही, मोठे अरण्यही नाही. तेथे आहे ते १८.३२ चौरस किलोमीटर गवत, आणि त्या गवतावर जगणारे प्राणी. ह्या गवताचे स्वरूप काय, त्यावर कोण जगते आणि तेथे जाणाऱ्या प्रवाशाचा त्याच्या भवितव्याशी काय संबंध पोहोचतो, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

निसर्गप्रवास हा शब्द उच्चारताच मनापुढे चित्र उभे राहते ते उंच पर्वत, धुके, धबधबे आणि घनदाट वृक्षराजी ह्यांचे. डोंगराळ बेटांचे देश ह्या प्रकारच्या प्रवासासाठी विशेष प्रसिद्ध आहेत. श्रीलंकेचे उदाहरण घेतल्यास मात्र एक उद्बोधक गोष्ट नजरेस येते. त्या देशाच्या मध्यवर्ती डोंगराळ प्रदेशात, समुद्रसपाटीपासून २,१०० मीटरांहून अधिक उंचीवर, हॉर्टन प्लेन्स हे राष्ट्रीय उद्यान आहे. १९६९ मध्ये त्यास संरक्षण मिळाले, १९८८ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१० मध्ये मध्यवर्ती डोंगराळ प्रदेशाचा एक भाग म्हणून जागतिक वारशाच्या यादीत त्याची गणना झाली. त्याचे क्षेत्र साधारण ३२ चौरस किलोमीटर आहे. प्रवासी तेथे डोंगर चढून जातात खरे, परंतु माथ्यावर पोहोचल्यावर त्यांच्या दृष्टीस पडते ते रानाने वेढलेले विस्तीर्ण गवताळ पठार आणि त्यावर चरणारी सांबरे. स्थानिक भाषेत ह्या गवताळ भूमीस ‘पटना’ असे नाव आहे. गवत हे तेथे प्रेक्षणीय मानले जाते, त्याच्या रक्षणासाठी पायवाटा आखून दिल्या जातात, आणि प्रवाशाने वाट सोडू नये अशी अपेक्षा केली जाते. वऱ्हाडात गवताची गणना वेगळ्या सदरात होते. माळ म्हणजे पडीक जमीन, हा समज येथे महसुली दप्तरापासून सामान्य बोलण्यापर्यंत सर्वत्र रूढ आहे. वाशीमच्या निसर्गप्रवासाचा खरा प्रश्न ह्या समजातून उद्भवतो.

भूमी आणि गवत

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, मानोरा आणि कारंजा हे त्याचे सहा तालुके होत. अजिंठा डोंगररांगेचे पूर्वेकडील फाटे ह्या प्रदेशात उतरत जाऊन त्यांचे पठार बनले आहे. हे पठार दोन खोऱ्यांमधील पाणलोटाची सीमा आहे. काटेपूर्णा नदी येथून उत्तरेस वाहत जाऊन पूर्णेस मिळते आणि तिचे पाणी तापीमार्गे अरबी समुद्रास जाते. उलट अरुणावती, अडाण आणि पूस ह्या नद्या पैनगंगेच्या खोऱ्यातील असून त्यांचे पाणी वर्धा, प्राणहिता व गोदावरी ह्यांच्या वाटेने बंगालच्या उपसागरास पोहोचते. एकाच पठारावर पडलेला पाऊस अशा रीतीने दोन समुद्रांत विभागला जातो.

पठाराचा पाया दख्खनच्या बेसाल्ट खडकाचा आहे. ह्या खडकाचे थर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकांतून साचले. नद्यांच्या खोऱ्यांत त्याची झीज होऊन खोल काळी माती तयार झाली, आणि तेथे आज सोयाबीन, तूर, कापूस व हरभरा पिकतो. परंतु उंचवट्यांवर मातीचा थर अगदी पातळ असतो आणि त्याखाली लागलीच मुरूम लागतो. पावसाचे चार महिने संपले की हा थर लवकर कोरडा होतो. मोठ्या वृक्षांच्या दाट वाढीस ही परिस्थिती अनुकूल नाही. गवतास मात्र ती मानवते. पहिल्या पावसाबरोबर गवत वाढते, आश्विन-कार्तिकात बी धरते आणि पुढील सात-आठ महिने वाळलेल्या स्थितीत उभे राहते, पण त्याची मुळे जमिनीत जिवंत असतात. मारवेल, पवन्या, शेडा, कुसळी आणि तिखाडी ही ह्या वर्गातील परिचित गवते होत. दबडघाव आणि शंकरनारायण ह्यांनी १९७३ मध्ये भारतातील गवताळ प्रदेशांचे जे वर्गीकरण प्रसिद्ध केले, त्यात द्वीपकल्पाच्या पठारी भागाचा समावेश सेहिमा-डायकँथियम ह्या प्रकारात होतो. शेडा व पवन्या ही सेहिमा प्रजातीची आणि मारवेल ही डायकँथियम प्रजातीची गवते आहेत.

येथे एका आक्षेपाचा विचार करणे अवश्य आहे. हे माळ मूळचे नसून पूर्वी तेथे दाट जंगल होते, ते माणसाने तोडले व उरले ते गवत, असे पुष्कळदा सांगितले जाते. काही ठिकाणी असे घडले असेलही. परंतु सर्व माळांचा उगम अशा रीतीने सांगता येणार नाही. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील ह्यांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पश्चिम महाराष्ट्रातील जुने मराठी वाङ्मय आणि मौखिक परंपरा ह्यांत येणारे वनस्पतींचे उल्लेख तपासले आहेत. त्या उल्लेखांत उघड्या, गवताळ व काटेरी झाडांच्या प्रदेशात वाढणाऱ्या वनस्पतींचे प्रमाण मोठे आहे, आणि त्यावरून तेथील माळ किमान ७५० वर्षांचे जुने आहेत असा निष्कर्ष निघतो. हा अभ्यास वऱ्हाडाचा नव्हे. तथापि वऱ्हाडातील जुन्या वाङ्मयास व लोकगीतांस हीच पद्धत लावून पाहण्यासारखी आहे, आणि मराठी व वनस्पतिशास्त्र ह्या दोन विभागांनी एकत्र येऊन करण्याजोगे हे काम आहे.

काळवीट आणि त्याची दृष्टी

काळवीट हा भारतीय उपखंडातील प्राणी आहे. त्यास शास्त्रीय नाव ‘अँटिलोपे सर्व्हिकाप्रा’ असे आहे. पूर्ण वाढलेल्या नराची पाठ गडद तपकिरी ते काळी आणि पोट शुभ्र असते. त्याची शिंगे पीळदार असून फांद्या नसलेली असतात. माद्या व पाडसे पिवळसर तपकिरी रंगाची असतात आणि माद्यांस सहसा शिंगे नसतात. गर्भकाल सुमारे सहा महिन्यांचा असून एका वेळी बहुधा एकच पाडस जन्मते. जन्मानंतरचे पहिले काही दिवस ते कळपाबरोबर न धावता गवतात निश्चल दडून राहते.

ह्या प्राण्याची सर्व जीवनपद्धती उघड्या मैदानास अनुसरून घडलेली आहे. शत्रू दुरून दिसावा आणि दिसताच वेगाने पळून जाता यावे, ह्या दोन गोष्टींवर त्याचे संरक्षण अवलंबून असते. त्याचा धावण्याचा वेग ताशी ८० किलोमीटरपर्यंत जातो. एवढा वेग लांडग्यापासून बचाव करण्यास लागतो त्याहून पुष्कळ अधिक आहे. चित्ता हा त्याचा एके काळचा पाठलागकर्ता होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्याचा उलगडा होतो. १९५२ मध्ये भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर झाले. माळावर आज काळविटाचा प्रमुख नैसर्गिक शत्रू म्हणून उरला आहे तो लांडगा. विणीच्या काळात नर आपापल्या क्षेत्राच्या खुणा लेंड्यांच्या ढिगांनी व डोळ्यांजवळील ग्रंथींच्या स्रावाने करतात. काही ठिकाणी असे अनेक नर लहान लहान क्षेत्रे धरून एकत्र उभे राहतात आणि माद्या त्यांच्यातून निवड करतात.

माळावर झाडांची दाटी झाली तर ह्या जीवनपद्धतीचा पायाच नाहीसा होतो. दृष्टीचा पल्ला कमी होतो, पळण्याची वाट अडते आणि चरण्यासारखे आखूड गवत सावलीने विरळ होते. म्हणून गवताळ अभयारण्यात वृक्षारोपण करणे हे पुण्यकर्म वाटले, तरी काळविटाच्या दृष्टीने ती निवासस्थानाची हानी होय. झाड लावणारा मनुष्य सद्हेतूने वागत असतो, आणि त्यामुळेच ही हानी सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

एके काळी भारतात फार मोठ्या संख्येने असलेला हा प्राणी शिकारीमुळे झपाट्याने घटला. १९६० नंतरच्या दशकात त्याची संख्या काही हजारांवर आल्याचे अंदाज प्रसिद्ध आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यास पहिल्या अनुसूचीत स्थान दिले, त्यानंतर ही संख्या पुन्हा वाढली. कारंजा-सोहोळ हे ह्या प्रयत्नांच्या मालिकेतील एक आहे. कर्जत तालुक्यातील रेहेकुरी अभयारण्य १९८० मध्ये स्थापन झाले व त्याचे क्षेत्र केवळ २.१७ चौरस किलोमीटर आहे. गुजरातेतील वेळावदर येथील राष्ट्रीय उद्यान सुमारे ३४ चौरस किलोमीटरांचे आहे. कारंजाचे स्थान ह्या दोहोंच्या मधले आहे.

तणमोर आणि फासेपारधी

वाशीम व अकोला जिल्ह्यांतील माळांस आणखी एका प्राण्यामुळे राष्ट्रीय महत्त्व प्राप्त झाले आहे. तो म्हणजे तणमोर. माळढोकाच्या कुळातील हा सर्वांत लहान पक्षी गवतात दडून राहतो, त्यामुळे वर्षातील बहुतेक काळ तो कोणाच्या नजरेस पडत नाही. पावसाळ्यात मात्र नर आपले अस्तित्व जाहीर करतो. मादीचे लक्ष वेधण्यासाठी तो गवतातून सरळ वर साधारण दोन मीटर उंच उडी घेतो, पंख फडफडवितो आणि पुन्हा त्याच जागी उतरतो. एका दिवसात अशा शेकडो उड्या तो मारतो. ह्या उडीसाठी गवत विशिष्ट उंचीचे असावे लागते. ते फार आखूड असल्यास पक्ष्यास आडोसा मिळत नाही, आणि फार उंच असल्यास उडी दिसत नाही. १९९९ मध्ये भारतात सुमारे ३,५०० तणमोर असल्याचा अंदाज होता. २०१८ च्या सुमारास हा अंदाज सातशेच्या आसपास आला. २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाने त्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींत केली.

ह्या पक्ष्याविषयीचे सूक्ष्म ज्ञान ज्यांच्यापाशी पिढ्यान्‌पिढ्या होते ते फासेपारधी होत. फास लावून पक्षी पकडणे हा त्यांचा परंपरागत व्यवसाय. पक्ष्याची चाल, त्याच्या येण्याजाण्याची वेळ, अंडी घालण्याची जागा ह्यांची माहिती नसेल तर फास रिकामाच राहणार, म्हणून हे ज्ञान त्यांच्या उपजीविकेचा आधार होते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या अंमलात जे अनेक भटके समाज जन्मतः गुन्हेगार ठरविले गेले, त्यांत पारध्यांचाही समावेश झाला; तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, परंतु त्याने लावलेला कलंक सहजी पुसला गेला नाही. १९७२ च्या कायद्यानंतर त्यांचा परंपरागत व्यवसायही बेकायदेशीर ठरला.

कारंजा येथील ‘संवेदना’ ह्या संस्थेने ह्याच समाजाबरोबर माळांच्या रक्षणाचे काम हाती घेतले. त्यामागील विचार सरळ आहे. ज्या लोकांना तणमोर कोठे सापडतो हे ठाऊक आहे, त्यांनाच त्याचे रक्षण कसे करावे हेही ठाऊक असते. पारध्यांच्या तांड्यांनी आपल्या भोवतालच्या माळांवर चराईचे नियम ठरविले, विणीचा काळ संपेपर्यंत गवत न कापण्याचा संकेत पाळला आणि वणव्यांपासून माळ राखला. गवत राखल्याने चारा मिळतो, आणि चाऱ्यापासून उत्पन्न मिळते. पक्ष्याचे हित व माणसाचे हित येथे एका व्यवस्थेत आणले गेले आहे. अभयारण्याच्या सीमेबाहेरही निसर्गसंरक्षण शक्य आहे, ह्याचा हा महत्त्वाचा दाखला होय.

बेटाभोवतीचा समुद्र

१९६७ मध्ये मॅकआर्थर आणि विल्सन ह्या दोन शास्त्रज्ञांनी बेटांवरील जीवसृष्टीविषयी एक सिद्धान्त मांडला. बेटावर किती जाती टिकून राहतील हे मुख्यतः दोन गोष्टींवर अवलंबून असते : बेटाचे क्षेत्र आणि मुख्य भूमीपासून त्याचे अंतर. बेट लहान असेल तर तेथील प्राण्यांची संख्या लहान राहते, आणि लहान संख्या एखाद्या दुष्काळाने किंवा रोगाने नाहीशी होऊ शकते. बेट दूर असेल तर तेथे नवे प्राणी येऊन ही उणीव भरून निघत नाही. पुढे हा सिद्धान्त शेतांनी वेढलेल्या वनखंडांस व माळांसही लावण्यात आला. ह्या दृष्टीने पाहता कारंजा-सोहोळ हे सोयाबीन, तूर आणि कापूस ह्यांच्या समुद्रातील गवताचे बेट आहे.

तथापि हा समुद्र खाऱ्या पाण्याचा नाही, हा येथील विशेष आहे. काळवीट व रोही शेतांत शिरतात, तेथे चरतात आणि एका माळावरून दुसऱ्या माळावर जातात. मोठे प्राणीही हा प्रदेश ओलांडू शकतात. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून २०१९ मध्ये बाहेर पडलेला, गळ्यात रेडिओपट्टा बांधलेला एक तरुण वाघ १,३०० किलोमीटरांहून अधिक भटकंती करून डिसेंबर २०१९ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. मार्गात त्यास शेते, ओढे, रस्ते व गावे पार करावी लागली. मालेगाव तालुक्याच्या सीमेवर पसरलेले आणि चौशिंगा व भेकर ह्यांसाठी प्रसिद्ध असलेले काटेपूर्णा अभयारण्य हेही ह्याच विखुरलेल्या द्वीपसमूहातील एक बेट मानावयास हरकत नाही.

ह्या पारगम्यतेची किंमत मात्र शेतकरी देतो. सोयाबीनचे कोवळे पीक काळविटांच्या कळपाने एका रात्रीत खाऊन टाकले तर त्या कुटुंबाच्या वर्षाच्या हिशेबात खड्डा पडतो. म्हणून पेरणीपासून काढणीपर्यंत रात्रीची जागल करावी लागते. शासनाकडून पीकनुकसानीची भरपाई मिळण्याची तरतूद आहे, परंतु जागलीच्या श्रमांची नोंद कोठेच होत नाही. अभयारण्यात येणाऱ्या प्रवाशास जो कळप सकाळच्या उन्हात सुंदर दिसतो, तो आदल्या रात्री कोणाच्या तरी शेतात चरून आलेला असू शकतो. प्रवासातून होणारा लाभ गाडीवाले, उपाहारगृहे आणि शहरातील संयोजक ह्यांच्यापर्यंतच राहिला, आणि ज्याच्या पिकावर हे प्राणी पोसले जातात त्यास काहीच मिळाले नाही, तर बेटाभोवतीचा समुद्र हळूहळू शत्रुत्वाचा होईल. मग कुंपणे उभी राहतील, त्यांत वीज सोडली जाईल, आणि एकाकी पडलेल्या १८ चौरस किलोमीटरांत काळविटांचा निभाव लागणे कठीण होईल.

दुसरा अडथळा रस्त्यांचा. मूर्तिजापूरहून कारंजा व दारव्हामार्गे यवतमाळला जाणारी, लोकांनी ‘शकुंतला’ ह्या नावाने ओळखलेली अरुंदमापी आगगाडी आता बंद झाली आहे. तिची मंद गती हा वऱ्हाडात विनोदाचा विषय होता. आज त्याच परिसरातून नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी व अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. एकूण लांबी ७०१ किलोमीटर आहे. दोन्ही बाजूंनी कुंपण असलेला हा रस्ता माळावरील प्राण्यांच्या वाटा तोडतो, म्हणून ठिकठिकाणी त्यांना पलीकडे जाण्यासाठी खालून व वरून मार्ग ठेवण्यात आले आहेत. उघड्या क्षितिजावर विसंबणारा काळवीट अशा बंदिस्त मार्गाचा उपयोग कितपत करतो, हा प्रत्यक्ष निरीक्षणाने सोडवावयाचा प्रश्न आहे.

प्रवासी आणि अभ्यासक

वाशीमच्या माळावर जाणाऱ्या प्रवाशाने काही गोष्टी ध्यानी ठेवणे इष्ट आहे. काळवीट पाहण्यास हिवाळा व उन्हाळ्याचा आरंभ हा काळ सोयीचा, कारण तेव्हा गवत वाळून दृष्टी दूरवर पोहोचते. वेळ सूर्योदयानंतरची किंवा सूर्यास्तापूर्वीची असावी. वाहन आखलेल्या वाटेवरच ठेवावे. कळप मान वर करून एकाच दिशेस पाहू लागला म्हणजे त्याने माणसाची दखल घेतली असे समजावे आणि तेथेच थांबावे. ह्यापुढे टाकलेले प्रत्येक पाऊल प्राण्यास चरणे सोडून पळण्यास भाग पाडते. गवतात एकटे बसलेले पाडस आईने टाकलेले नसते, म्हणून त्यास उचलू नये. पावसाळ्यात तणमोराच्या शोधार्थ गवतातून चालत जाणे हा तर सरळ अपराधच होय, कारण त्या काळात अंडी जमिनीवर उघडी पडलेली असतात.

पदव्युत्तर अभ्यासकांसाठी येथे विस्तृत क्षेत्र मोकळे आहे. ठराविक रेषेवरून चालत नर, माद्या व पाडसे ह्यांची ऋतुवार गणना करणे, माणूस किती अंतरावर आला असता कळप पळतो ह्याची नोंद घेणे, माळावरील गवतांच्या जातींची चराईच्या प्रमाणाशी तुलना करणे, जागलीचे तास व पिकाचे नुकसान ह्यांची गावनिहाय मोजदाद करणे, ही कामे अल्प साधनांत आणि थोड्या खर्चात होण्यासारखी आहेत. पाच-दहा वर्षे सातत्याने केलेल्या अशा नोंदींवरूनच हे बेट विस्तारते आहे, स्थिर आहे की आकसते आहे, हे निश्चितपणे सांगता येईल.

तोपर्यंत निदान एक सुधारणा तात्काळ करता येण्याजोगी आहे. शाळेच्या पुस्तकापासून तलाठ्याच्या दप्तरापर्यंत माळास ‘पडीक’ म्हणण्याचा प्रघात सोडावा. पडीक म्हटलेली जमीन कोणास तरी कशासाठी तरी द्यावयाची असते. गवताळ प्रदेश म्हटलेली जमीन राखावयाची असते. काळवीट, तणमोर, लांडगा आणि चारा कापणारा पारधी ह्या सर्वांचा निर्वाह ह्याच जमिनीवर चालत असल्याने तिची नोंद यथार्थ नावाने होणे हे संरक्षणाचे पहिले पाऊल ठरेल.